जे थांबत नाहीत त्यांचे फोटो

अख्ख्या मसुराचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. मधे फुगीर, कडेला पातळ. लॅटिन भाषेत मसुराला 'लेन्स' म्हणतात. युरोपात काचेची भिंगं घासून तयार व्हायला लागली, तेव्हा ती या दाण्यासारखी दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. अरबीत मसूर म्हणजे 'अदस' आणि भिंग म्हणजे 'अदसा'. तिथेही तोच दाणा. कॅमेरा या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ आहे खोली. त्याच घराण्यातला एक शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या देशात आला आणि हिंदी-उर्दूत 'कमरा' होऊन राहिला. म्हणजे ज्या यंत्राची किंमत ऐकून आपण दचकतो, त्याच्या नावात एक खोली आणि एक डाळीचा दाणा, एवढंच आहे.

मी कवितेच्या प्रांतातला माणूस. फोटोग्राफी हा माझा तीस वर्षांचा छंद. पण छंदाची बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणाच्या घरी बाळ येतं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरतं, आणि फोन वाजतो. कुणी चाचा म्हणून विचारतं, कुणी सर म्हणून, पण प्रश्न एकच असतो : "कॅमेरा घ्यायचाय, लेन्स कोणती घेऊ? ट्रायपॉड घ्यायलाच पाहिजे का?" मी उलट विचारतो, "फोटो कुणाचा काढायचाय? थांबणाऱ्याचा, की न थांबणाऱ्याचा?" पलीकडचा माणूस जरा गोंधळतो. दुकानदारानं त्याला मेगापिक्सेल सांगितलेले असतात, वॉरंटी सांगितलेली असते. हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. पण भिंगांच्या हजार वर्षांच्या इतिहासात सगळी खटपट याच प्रश्नाभोवती झालेली आहे. तो इतिहास आज थोडक्यात सांगतो.

सुरुवात बसरा शहरापासून करू. आजच्या इराकमधल्या या शहरात सन ९६५ च्या सुमारास इब्न अल-हैथम जन्मला. पुढे तो कैरोत राहिला आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं प्रकाशावर 'किताब अल-मनाझिर' हा मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर पुष्कळ विद्वान मानत. यानं सांगितलं की उलट आहे, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो. हे नुसतं सांगून तो थांबला नाही. अंधाऱ्या खोलीच्या एका छिद्रासमोर त्यानं दिवे मांडले. आत, भिंतीवर, प्रत्येक दिव्याचा वेगळा डाग पडला. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच डाग गेला.

यासाठी आपल्याला कैरोला जायची गरज नाही. कौलारू घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी दुपारच्या वेळी जमिनीवर पडलेले कवडसे पाहिलेत. कौलाची फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याचं चित्र असतं. सूर्यग्रहणाच्या वेळी झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. इब्न अल-हैथमनं ग्रहणाच्या या कोरीवर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. त्यात त्याच्या लक्षात आलं की भोक बारीक असेल तरच कोर उमटते. भोक मोठं केलं की कोर जाऊन नुसता गोल ठिपका राहतो.

पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज इथे आहे. बारीक भोकानं चित्राला धार येते, पण उजेड कमी पडतो. मोठ्या भोकानं उजेड येतो, पण धार जाते. हा सौदा आजही लाखभर रुपयांच्या लेन्सला चुकलेला नाही.

सौद्यात पहिली सवलत भिंगानं दिली. १५६८ साली व्हेनिसच्या दानिएले बारबारोनं लिहिलं की या छिद्रात म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याची फुगीर काच बसवा. भोक मोठं राहील, उजेड भरपूर येईल आणि काच ते किरण एकत्र आणून चित्राला धारही देईल. आणखी धार हवी असेल तर काचेची कड झाकून फक्त मधला भाग उघडा ठेवा. आजच्या लेन्समध्ये लहानमोठी होणारी पात्यांची झडप असते, ज्याला आपण ॲपर्चर म्हणतो, ती कल्पना मुळात ही अशी.

पण चित्र भिंतीवर पडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. ते टिकवायला १८३९ साल उजाडलं. पॅरिसच्या लुई दागेरनं चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र धरून ठेवण्याची कृती त्या वर्षी जगापुढे आली. दागेरनं आदल्या वर्षी आपल्या खिडकीतून खालच्या 'बुलेव्हार द्यु तांप्ल' या रस्त्याचं चित्र घेतलं होतं. तारायंत्रवाले सॅम्युअल मोर्स त्या सुमारास पॅरिसमध्ये होते, त्यांनी हे चित्र पाहिलं आणि एक विचित्र गोष्ट टिपली. गाड्याघोड्यांनी, माणसांनी नेहमी गजबजलेला तो रस्ता चित्रात जवळजवळ रिकामा होता. माणसं नव्हती असं नाही. पण दागेरचं भिंग मंद होतं, पत्राही मंद होता. चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात चालणारे चालत गेले, गाड्या निघून गेल्या, आणि पत्र्यावर त्यांचा मागमूस राहिला नाही. एकच माणूस ठळक उमटला. तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता.

या फोटोबद्दल मी बरेचदा विचार करतो. ओळखता येईल असा माणूस असलेला जगातला हा बहुधा पहिला फोटो. त्यात उरला तो उभं राहण्याइतकी सवड असलेला माणूस. त्याचा बूट घासणारा पायाशी वाकलेला, तो दिसतो, पण पुसट. त्याचे हात चालू होते ना! फोटोग्राफीनं पहिल्याच पावलाला माणसांची दोन गटांत वाटणी केली. ज्यांना थांबणं परवडतं ते चित्रात राहिले. ज्यांचे हातपाय चालू होते ते वाफेसारखे उडून गेले. मग पुढचं शंभर वर्षांचं भिंगकाम म्हणजे उडून गेलेल्यांना परत चित्रात आणण्याची धडपड, असं म्हटलं तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या धडपडीतला पहिला मोठा माणूस यंत्राचा कारागीर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. व्हिएन्नाच्या विद्यापीठातल्या योसेफ पेट्झवालनं १८४० मध्ये कागदावर आकडेमोड करून एक नवं भिंग रचलं. तोवर भिंगं बहुतेक अंदाजानं आणि घासून बघूनच बनत. आकडेमोड एवढी प्रचंड होती की मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक दिले गेले. तोफेचा गोळा कुठे पडेल हे काढणारी माणसं प्रकाशाचा किरण कुठे पडेल हे काढायला बसली! फोग्टलेंडर या कारखान्यानं ते भिंग बनवलं. दागेरच्या भिंगापेक्षा ते पंधरा-वीसपट जास्त उजेड आत घेई. पत्र्याच्या रसायनांतही सुधारणा झाली आणि दोन्ही मिळून मिनिटांचे सेकंद झाले. माणसाचा चेहरा आता खरोखर धरता येऊ लागला. किंमत एवढीच की चित्राच्या मध्यभागी धार आणि कडेला धूसर. चेहऱ्याला ते चालतं, इमारतीला चालत नाही. इमारतींच्या रेषा सरळ ठेवणारी भिंगं १८६६ मध्ये इंग्लंड-जर्मनीत निघाली, पण ती पेट्झवालच्या भिंगापेक्षा मंद होती. उजेड हवा की कडेपर्यंत धार हवी, हा सौदा पुन्हा आलाच.

तरी सेकंद म्हणजे काही क्षण नव्हे. जुन्या स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी चिमट्याचा एक खांब असायचा. डोकं हलू नये म्हणून ते त्यात अडकवायचं. त्या काळच्या फोटोंत माणसं एवढी गंभीर का, असं आपल्याला वाटतं. त्याला तेव्हाचे रीतिरिवाज आहेत, पण हा चिमटाही आहे. हसू तेवढा वेळ टिकत नाही, गंभीरपणा टिकतो.

आता आपल्याकडे येऊ. हे तंत्र मुंबईला फार लवकर पोचलं. १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गच सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतले नावाजलेले फोटोग्राफर होते. या वर्गातून शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय केला. म्हणजे मराठी माणसानं कॅमेरा दुरून पाहिला आणि नंतर कधीतरी घेतला असं नाही. तो अगदी पहिल्या पंगतीला बसलेला आहे.

त्या काळी उजेड आणि धार यांच्या जोडीला तिसरी अडचण होती, वजन. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं काचेवर ओलं रसायन पसरून फोटो घेण्याची पद्धत काढली. चित्र सुंदर यायचं, पण काच ओली असेतोवरच सगळं उरकावं लागे. रसायन लावा, फोटो घ्या, लगेच धुवा. म्हणजे जिथे फोटो, तिथे अंधारी खोली. आपल्या उन्हात काच वाळायला किती वेळ लागणार? फोटोग्राफरला तंबू, काचा, बाटल्या, पाणी, लाकडी कॅमेरा आणि त्याचा भक्कम स्टँड, सगळं बरोबर न्यावं लागे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. १८६६ मध्ये त्यानं मनिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर फोटो घेतले. बर्फाचे ते फोटो आजही थक्क करतात. हमाल ओझी टाकून पळून जात, अशी तक्रार त्यानं आपल्या प्रवासवर्णनात केलेली आहे. त्या उंचीवर, अपुऱ्या कपड्यांत, काचेची पेटी पाठीवर घेतलेला माणूस का पळत असेल, हे आपण समजू शकतो. फोटोग्राफीच्या साहित्याचं वजन कुणीतरी नेहमी वाहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तो फोटोत नसतो.

याच शतकातला आपला मोठा माणूस म्हणजे राजा दीनदयाळ. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्याला जन्म, रुडकीच्या महाविद्यालयात शिक्षण, इंदूरला कामाची सुरुवात, मग हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर. निजामानं त्यांना 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रं घडवणारा. आपण मराठीत भिंतीवरच्या फ्रेमला 'तसबीर' म्हणतो, तो शब्द याच अरबी धातूचा. तसबीर धर्माला चालते की नाही यावर आमच्या मोहल्ल्यात मी लहानपणापासून वाद ऐकलेत. पण ज्या घरांत वाद झाले, त्या घरांतही दिवाणखान्यातल्या कपाटात एक लिफाफा असायचा आणि त्यात दोनचार फोटो असायचेच.

दीनदयाळ यांच्यापुढे प्रश्न होता पडद्यातल्या बायकांचा. उत्तम भिंग होतं, उत्तम स्टुडिओ होता, पण कॅमेऱ्यामागे पुरुष होता. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमलं. मला हा भिंगांच्या इतिहासातला मोठा शोध वाटतो, जरी त्यात काचेचा तुकडाही बदललेला नाही. काही माणसं फोटोत नसतात याचं कारण उजेड कमी आहे एवढंच नसतं. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, हेही पाहावं लागतं.

आता स्टँडबद्दल, म्हणजे ट्रायपॉडबद्दल. त्याला तीनच पाय का? चार पायांचं टेबल ऊबडखाबड जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. आपल्या बायकांनी हे फार आधी ओळखलं. शेतात, जत्रेत, कुठेही चूल मांडायची तर तीन दगड. तीन टेकू कसेही असले तरी वरचं भांडं तिन्हींवर बसतंच.

स्थिर कॅमेरा काय करू शकतो हे आपल्याला नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसानं दाखवलं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पैसे उभे करायचे तर सावकाराला काहीतरी दाखवलं पाहिजे. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्यानं ते ठरावीक अंतरानं चित्र घेत गेले. पडद्यावर दाण्याला कोंब फुटला आणि बघता बघता वेल झाला. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म. पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. मला गंमत वाटते ती ही, की दागेरच्या स्थिर कॅमेऱ्यानं हलणारी माणसं पुसून टाकली होती, आणि फाळक्यांच्या स्थिर कॅमेऱ्यानं न हलणाऱ्या झाडाची हालचाल दाखवली. साधन तेच, वापरणाऱ्याचा प्रश्न वेगळा.

ट्रायपॉडपासून सुटका मात्र जर्मनीत झाली. त्यामागे दोन धागे आहेत. एक काचेचा. येना या गावी १८८४ पासून नव्या प्रकारच्या काचा तयार व्हायला लागल्या. त्या वापरून झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फनं १८९० मध्ये कडेपर्यंत धार देणारं भिंग आणि १९०२ मध्ये चार काचांचं 'टेसार' केलं. दुसरा धागा माणसाच्या छातीचा. ऑस्कर बारनॅक या कारागिराला दम्याचा त्रास होता. डोंगरात फिरून फोटो काढायची हौस, पण पेटीकॅमेरा आणि काचा वाहायची ताकद नाही. त्यानं सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा केला. मॅक्स बेरेकनं त्याला साजेसं भिंग दिलं. १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' नावानं लोकांपुढे आला. दम्याच्या एका रुग्णानं जगभरच्या फोटोग्राफरांच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं.

कॅमेरा हातात आला आणि कॅमेऱ्यामागची माणसंही बदलली. १९१३ मध्ये नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला साडी नेसून, खांद्याला कॅमेरा लावून दिल्लीच्या गर्दीत उभ्या राहिल्या. आपल्या देशातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या त्या दिवसांची जी चित्रं आपल्या डोळ्यांत बसली आहेत, त्यांतली कितीतरी त्यांनी टिपलेली. चालणारी, बोलणारी, हसणारी माणसं आता फोटोत येऊ लागली होती.

म्हणजे प्रश्न सुटला का? माझ्या घरापुरता सांगतो, सुटला नव्हता. अब्बांचा एक फोटो आमच्याकडे अगदी स्वच्छ आहे. हजच्या कागदपत्रांसाठी स्टुडिओत काढलेला. स्टुलावर ताठ बसलेले, फोटोवाला म्हणाला "हलू नका", अब्बा हलले नाहीत. मोठ्या आपाच्या लग्नाचा अल्बम आहे. त्यात मंचावरचे पाहुणे झगझगीत आहेत, तिथे फ्लॅश होता. घरातले फोटो मात्र मामूंनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, फ्लॅशशिवाय, शटर बराच वेळ उघडं ठेवून काढले. अम्मी गेल्यानंतर तिचा चांगला फोटो शोधायला मी हा अल्बम उघडला. ती पाच फोटोंत आहे. एकात तबक धरलेला हात. एकात दुपट्ट्याची पांढरी रेघ. एकात दारातून वळताना अर्धा चेहरा, तोही ओघळलेला. बाकी दोघांत तर मला ठाऊक आहे म्हणूनच ती ओळखू येते. यात कुणाचाच दोष नव्हता. खोलीत उजेड कमी होता, भिंग मंद होतं, आणि अम्मी थांबत नव्हती. शंभर माणसांचं जेवण करणारी बाई कशी थांबेल? पॅरिसच्या त्या रस्त्यावर बूट घासणाऱ्याचं जे झालं, तेच आमच्या स्वयंपाकघरात झालं.

म्हणून मी विचारतो, फोटो कुणाचा काढायचाय? आता या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर सांगतो.

लेन्सवर 'एफ'चा आकडा लिहिलेला असतो. भिंगाच्या केंद्रांतराला झडपेच्या तोंडाच्या रुंदीनं भागलं की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं आणि उजेड जास्त. कॅमेऱ्याबरोबर जी १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते, तिचा ५५ वरचा आकडा सहसा ५.६ असतो. ५० मिलिमीटरची साधी, झूम नसलेली, १.८ आकड्याची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे शटर सेकंदाचा दहावा भाग उघडं ठेवावं लागत होतं, तिथे शंभरावा भाग पुरतो. दहाव्या भागात पोळी लाटणारा हात पुसट होतो, शंभराव्या भागात बराचसा ठळक येतो. आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातल्या लेन्सपैकी असते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आकाराचा असेल तर घराच्या खोलीत ५० मिलिमीटर अंगावर आल्यासारखी वाटते, मग ३५ ची घ्या. सौदा इथेही आहेच. तोंड पूर्ण उघडलं की जवळच्या फोटोत काही सेंटिमीटरच धारदार येतात. डोळे धारदार, कान धूसर. म्हणून नेम डोळ्यावर धरावा.

थांबणाऱ्यासाठी, म्हणजे देऊळ, मशीद, लेणी, डोंगर, रात्रीचं आकाश यांच्यासाठी, महागडी लेन्स घेण्याआधी भक्कम ट्रायपॉड घ्या. फुंकर मारली तर हलेल असा हलका ट्रायपॉड घेण्यापेक्षा भिंतीला टेकून उभं राहिलेलं बरं. त्याचे जाड भाग आधी उघडावेत, बारीक भाग नंतर, आणि मधला दांडा अगदी गरज पडली तरच वर घ्यावा, कारण तो वर गेला की तीन पायांचा ट्रायपॉड एक पायावर उभा राहतो. वाऱ्यात खाली पिशवी अडकवावी. बटण बोटानं दाबू नये, दोन सेकंदांचा टायमर लावावा. झडप ८ किंवा ११ वर ठेवावी. २२ पर्यंत आवळत नेली तर फार बारीक भोकातून जाताना प्रकाशच पसरतो आणि धार उलट कमी होते. हात न हलता फोटो यावा म्हणून लेन्समध्ये जी सोय असते, ती १९९५ मध्ये पहिल्यांदा अदलाबदलीच्या लेन्समध्ये आली. ती आपला हात सावरते, पण समोरच्याचा हात थांबवू शकत नाही. त्यासाठी उजेडाचं भिंगच लागतं. आणि ट्रायपॉडचा आणखी एक उपयोग आहे. फोटो काढणारा घरातल्या फोटोंत कधीच नसतो. दहा सेकंदांचा टायमर लावून त्यानंही जाऊन सगळ्यांत उभं राहावं.

आणखी एक, आपल्या हवेसाठी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा. भिंग पुसताना आधी फुग्यानं धूळ उडवा, मग मऊ कापड. शर्टाचं टोक नको.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशाला, फोन आहे ना. आहे, आणि चांगला आहे. त्याचं भिंग मसुराच्या दाण्याहून फार मोठं नसतं, तरी अंधारात तो एकामागून एक कितीतरी चित्रं घेतो आणि जोडून एक करतो. पण कमी उजेडात फोटो घ्यायला लागलात तर कित्येक फोनांवर एक सूचना उमटते : फोन स्थिर धरा. १८४० च्या स्टुडिओतला लोखंडी चिमटा नाहीसा झाला, त्याचं म्हणणं मागे राहिलं. ती सूचना आपण पाळू शकतो, समोरचा पाळेलच असं नाही. तेव्हा पुढच्या वेळी घरात पंगत बसेल, त्या वेळी पाटावर बसून हसणाऱ्यांचा एक फोटो जरूर काढा. मग जरा उजेडाकडे सरका, झडप पूर्ण उघडा आणि कॅमेरा वाढणाऱ्यांकडे वळवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)